पाण्यातल्या ॲसिडचा आयआर घेताय? १७५० ला जपून

एमएस्सी प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षी "ॲसिड आणि पाणी, आयआरने" (म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रमने; १७५०, ३४०० असले आकडे त्यातल्या जागा, सेमी⁻¹ मध्ये) असला विषय गळ्यात पडला असेल तर आधी केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड, ज्यात सॅम्पल दाबून पेलेट म्हणजे चकती करतात) विसरा. ते पाण्यात विरघळतं हे शाळेतलं पोरगंही सांगेल, पण आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर ते नुसत्या हवेतलंच पाणी ओढतं, पेलेट दुधाळ होते आणि ३४०० ला जो रुंद पट्टा येतो त्यात सॅम्पलचं काय नि हवेचं काय, कळत नाही. एटीआर (सॅम्पल थेट क्रिस्टलवर ठेवून मोजायची सोय) घ्या, तोही डायमंडचा. झिंक सेलेनाइडवर पीएच ५ च्या खालचं काही ठेवू नका, क्रिस्टल तर जातोच, वर तीव्र ॲसिडने हायड्रोजन सेलेनाइड निघतो आणि तो विषारी आहे. मशीनमधला सिलिका जेल कधी बदलला ते लॅबमधल्या मामांना विचारा, गाईडला माहीत नसतं.

आता मुख्य भानगड. सगळे सीनियर एकच मंत्र देतात: पाण्याचा स्पेक्ट्रम फॅक्टर लावून (एका आकड्याने गुणून) वजा कर, पाण्याचा २१२५ चा उंचवटा सपाट झाला की फॅक्टर बरोबर. प्रोटीनला हे चालतं. तीव्र ॲसिडला नाही चालत, आणि का नाही हे कोणी सांगत नाही. एचसीएल पाण्यात गेलं की एचसीएलचा रेणू राहतच नाही, वायूत २८८६ ला दिसणारा पट्टा गायब. क्लोराइड एकटा आयआरमध्ये दिसत नाही. मग दिसतं काय? ॲसिडने सोडलेला प्रोटॉन धरून बसलेलं पाणी. झुंडेल या शास्त्रज्ञाने तो दोन पाण्यांमध्ये वाटलेला मांडला, आयगेन या शास्त्रज्ञाने एका हायड्रोनियमभोवती (प्रोटॉन घेतलेल्या पाण्याच्या रेणूभोवती) तीन पाणी असा, आणि द्रावणात तो या रूपांमध्ये सतत बदलत असतो, म्हणून त्याचं शोषण एका जागी न बसता साधारण १००० पासून ३००० पर्यंत पसरतं. म्हणजे २१२५ च्या खाली ॲसिडचं स्वतःचं शोषण आहेच! ते सपाट करायला तुम्ही फॅक्टर वाढवता, पाण्याच्या बेंडिंगचं (रेणू वाकण्याच्या कंपनाचं) १६४० खड्ड्यात जातं आणि शेजारी १७५० ला झकास पीक उभा राहतो. आपण खुशीत लिहितो "कार्बोनिल" (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध). अरे, एचसीएलमध्ये कार्बन कुठाय? याच पीकने माझा अख्खा पावसाळा खाल्ला. तो त्या प्रोटॉनवाल्या पाण्याच्या बेंडिंगचा असतो. शिवाय डायमंड स्वतः २००० ते २३०० मध्ये शोषतो, त्यामुळे तिथे नॉइझही जास्त, तरी फॅक्टर तिथेच बघून ठरवायचा म्हणे.

करायचं काय तर नुसतं पाणी वजा करू नका. तेवढ्याच मोलॅरिटीचं मीठ वेगळं घ्या, त्यात आणि एचसीएलमध्ये जो फरक उरेल तो प्रोटॉनचा. एचसीएलमध्ये दुसरं ॲसिड बघायचं असेल तर तेवढंच एचसीएल हाच ब्लँक (वजा करायचा संदर्भ). ऑटो सबट्रॅक्टचं बटण दाबणाऱ्याला माझ्याकडे चहा नाही.

ॲसिटिक ॲसिडपासून सुरुवात केलीत तर त्रास कमी, खरंच घाबरू नका. १७१० च्या आसपास कार्बोनिल स्वच्छ मिळतो. फक्त ॲसिटेटचे (प्रोटॉन सोडलेल्या ॲसिटिक ॲसिडचे) १५५० आणि १४१५ दिसत नाहीत म्हणून रडू नका, १ मोलरला जेमतेम ०.४ टक्के विघटन होतं, दिसणार कुठून? सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ४.७६ च्या वर न्या, मग बघा.

शंका आली तर डीटूओ (जड पाणी, हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं). त्याचं बेंडिंग १२१० ला जातं, १६४० मोकळं होतं. खरा कार्बोनिल थोडासाच हलतो, प्रोटॉनवाला पीक मात्र १३०० कडे पळतो. पण डीटूओसोबत साधं एचसीएल टाकाल तर हायड्रोजन तुम्हीच आत घालताय, डीसीएल (ड्युटेरियमवालं एचसीएल) मागवा. बाटली उघडी ठेवू नका, आमच्या हवेत १४५० ला एचओडी (अर्धं साधं, अर्धं जड पाणी) डोकं वर काढतोच.

आणि गाववाल्यांनो, कोकमाचं आगळ थेट क्रिस्टलवर ओतायची घाई नको. त्यात मीठ, हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड आणि त्याचं लॅक्टोन (त्याच ॲसिडचं वलय झालेलं रूप), ज्याचा कार्बोनिल १७८० च्या आसपास येतो, म्हणजे पुन्हा त्याच गल्लीत. आधी बाटलीतल्या सायट्रिक ॲसिडचे वेगवेगळ्या पीएचचे स्पेक्ट्रा काढा, आगळ तोवर सोलकढीला राहू दे.