भात्याचा हात रिकामा ठेवू नका: पेटीवाल्यांसाठी सिंथेसायझर

बेळगाव हे पेटीचं गाव. पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी इथं बसून शिष्यांच्या पिढ्या घडवल्या. शहापुरात आमच्या गल्लीत आजही चार घरं सोडून एका घरात पेटी सापडते. त्यामुळे माझ्याकडे सिंथ म्हणजे सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य, शिकायला येणारी पोरं बहुतेक पेटीवरून किंवा गणपतीतल्या बँजोवरून आलेली असतात. सगळ्यांची चूक एकच. उजवा हात सुरेख फिरतो आणि डावा मांडीवर पडून राहतो.

पेटीवर तो डावा हात काय करत होता ते आठवा. भाता मारत होता, म्हणजे सुराला श्वास देत होता. कुठं फुगवायचं, कुठं सोडायचं, कुठं नुसतं धरून ठेवायचं, हे सगळं त्याला ठाऊक होतं. आमचे आप्पा भजनी मंडळात पेटी धरायचे. डोळे मिटूनसुद्धा मला त्यांचा भाता ओळखता यायचा. सिंथेसायझरवर आल्यावर त्या हाताला काम दिलं नाही, तर वाद्य मुकं राहतं.

तर कामाला लागू. हार्डवेअर सिंथ नसला तरी चालेल. सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन्ही संगणकावर फुकट मिळतात. जोडीला जुना लॅपटॉप आणि संगणकाला सूर पाठवणारा साधा मिडी कीबोर्ड पुरे, ज्याला डावीकडे बोटाने फिरवायची चाकं म्हणजे व्हील आहेत. व्हील मात्र हवंच, ते नसलेला कीबोर्ड घेऊ नका.

पहिल्यांदा तयार आवाजांची यादी बंद करा. 'इनिट' नावाचा कोरा पॅच, म्हणजे आवाजाची कोरी मांडणी, उघडा. वडगावचा एक पोरगा मला म्हणाला होता, "काका, ह्यात पेटीचा आवाज हाय की, मग परत कशाला करूलासा?" मी त्याला तो तयार आवाज दहा मिनिटं वाजवायला सांगितला. सातव्या मिनिटाला तो आपणहून थांबला. त्या आवाजात श्वासच नव्हता.

कोऱ्या पॅचमध्ये ऑसिलेटरला, म्हणजे मूळ लहर काढणाऱ्या भागाला, सॉ म्हणजे करवती लहर लावा. तिच्यात सगळे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर असतात, म्हणून ती पेटीतल्या पत्तीच्या सुराला जवळची. चौकोनी लहरीत फक्त विषम हार्मोनिक असतात, तिचा आवाज पोकळ, क्लॅरिनेटकडे झुकणारा येतो. आता लो-पास फिल्टर, म्हणजे वरचे सूर अडवणारी चाळणी, इतका बंद करा की आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटेल. दोन चाकांपैकी सोडलं तरी जागेवर राहतं ते मॉड व्हील. ते फिल्टरच्या कटऑफला, म्हणजे तो जिथून अडवतो त्या सीमेला, जोडा. व्हॉल्यूमलाही जोडा, पण थोडासाच. ० ते १२७ हा व्हीलचा पूर्ण प्रवास म्हणजे आता तुमचा भाता. अटॅक, म्हणजे पट्टी दाबल्यावर आवाज पूर्ण यायला लागणारा वेळ, अगदी शून्य ठेवू नका, पत्तीला बोलायला क्षणभर लागतोच. ६० मिलिसेकंदांपासून सुरू करा आणि कानाने ठरवा. रिलीज, म्हणजे पट्टी सोडल्यावर आवाज विरायचा वेळ, दीडशेच्या आसपास.

आता उजव्या हाताने एकच षड्ज धरा आणि डाव्याने व्हील हळूहळू वर न्या, खाली आणा. दहा मिनिटं, दुसरा सूर नाही. कंटाळवाणं वाटेल, पण करा. माझ्याकडे टिकलेल्या प्रत्येक पोराने हे महिनाभर केलंय. आवाज उघडताना करवतीचे वरचे सूर एकेक करून बाहेर येतात. ते ऐकू यायला लागले की फिल्टर तुमच्या हातात आला म्हणून समजा.

मग मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप दोन होते: पेटीवर मींड येत नाही आणि तिचे सूर समान अंतरावर बांधलेले असतात. मला ती बंदी कधीच पटली नाही, पण आक्षेप खोटे नव्हते. सिंथवर मात्र दोन्हीवर इलाज आहे, आणि मी आयुष्यभर या वाद्यात अडकून पडलो तो त्यासाठीच.

दुसरा आक्षेप आधी घेऊ. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन, त्याचे शंभर भाग म्हणजे सेंट. समान विभागणीतला शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तानपुऱ्यातून ऐकू येणारा ३८६ वर. धैवत ९०० ऐवजी ८८४. स्केल ट्यूनिंगची, म्हणजे एकेक सूर वेगळा लावायची सोय शोधा, बऱ्याच कीबोर्डांत असते. सा काळी एक असेल तर गंधार येतो पांढरी चारवर, तिथे उणे १४ भरा. धैवत येतो काळी पाचवर, तिथे उणे १६. रिषभाला अधिक ४, पंचमाला अधिक २. झाला तुमचा भूप राग. खाली तानपुरा लावून गंधारावर थांबा. पूर्वी जी बारीक थरथर कानाला टोचायची, ती गेलेली असेल. हा फरक मला पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. आप्पांना उठवून ऐकवलं. ते म्हणाले, "आता पेटी सुरात आली."

मींडेसाठी पिच व्हील, म्हणजे सूर वर-खाली सरकवणारं दुसरं चाक. त्याची रेंज साधारण २ सेमीटोनवर असते. भूपात प वरून ग वर उतरायचं म्हणजे तीन लागतात. पण गंधार आपण उतरवलाय आणि पंचम चढवलाय, म्हणून ३ ठेवली तर पंचम १६ सेंटने कमी पडतो. रेंज ४ करा. व्हील आधी पाऊण भागाहून किंचित जास्त वर ढकला, पूर्ण नाही, मग गंधाराची पट्टी दाबा. ऐकू येईल पंचम. आता व्हील सावकाश सोडा. ते मधोमध येऊन थांबतं, म्हणून गंधार हमखास सुरात सापडतो. वर चढणारी मींड अवघड, ती नंतर. डाव्या हाताचा अंगठा मॉड व्हीलवर, मधलं बोट पिच व्हीलवर, अशी सवय लावा.

आपल्याकडे हे काही नवं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत १९६९ सालीच मूग सिंथेसायझर बसवला होता. मुंबईत संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ साली ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलँडची यंत्रं घेऊन राग वाजवले. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे, ती त्यांनी बरोबर हेरली.

माझं पहिलं खरं यंत्र म्हणजे यामाहा डीएक्स७, १९८३ चं मॉडेल. १९९४ साली म्हापशाच्या एका बँडवाल्याकडून घेतलं आणि गादीत गुंडाळून घाटातून बसने आणलं. त्यात फिल्टर नाही. सहा ऑपरेटर, म्हणजे साध्या लहरी काढणारे भाग, एकमेकांना हलवतात आणि त्यातून आवाज तयार होतो. त्याला फुंकून चालवायचा ब्रेथ कंट्रोलर जोडता येतो, पण मी भाता मॉड व्हीलवरच ठेवला. सुरांचं वेगवेगळं ट्यूनिंग मात्र त्यात होत नाही. हे यंत्र शिकायचं असेल तर डेक्स्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यावर शिका.

त्या यंत्राने मला एक गोष्ट शिकवली, ती सांगायलाच हवी. त्याच्या पोटात ३२ आवाज बसतात आणि ते सांभाळते आत डागलेली सीआर२०३२ ची गोल बॅटरी. तीन वर्षं खपून मी ३२ आवाज बांधले होते. शहनाई होती, सुंद्री म्हणजे छोटी सनई होती, आप्पांची पेटी होती. ऐन गणपतीत, अनगोळच्या मांडवात बटण दाबलं आणि स्क्रीनवर कचरा. बॅटरी संपली होती. त्या रात्री मी वाजवलंच नाही.

म्हणून जुना सिंथ घेतलात तर पहिल्याच दिवशी बॅटरीचा व्होल्टेज बघा. डीएक्स७ मध्ये फंक्शनच्या बटणांत ती सोय आहे. ३ च्या आसपास पाहिजे, २.५ च्या खाली गेला तर बदला. त्याआधी सगळे आवाज मिडीवरून सिसेक्स (आवाजांचे सगळे आकडे साठवणारी) फाईल करून लॅपटॉपवर उतरवा, कारण बॅटरी निघाली की आवाजही गेले. वायर भिंतीतून काढा, थोडा वेळ तसंच ठेवा, मगच खोला. अधिक-उणे बघून घ्या आणि थेट न डागता बॅटरीचं होल्डर बसवा, म्हणजे पुढच्या वेळी डाग लावावा लागणार नाही.

आणि वही ठेवा. तेव्हा नव्हती, आता मी शंभर पानी वही ठेवतो: एका पानावर एक आवाज, प्रत्येक आकडा लिहिलेला. गेलेल्या ३२ पैकी ११ आवाज मी आठवणीतून परत उभे केले. आप्पांची पेटी त्यात नाही. ती आठवेना.

पावसाळ्याचं थोडक्यात. आपल्याकडचा पाऊस, त्यातही खानापूरकडचा, यंत्राला वाईट. सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास यंत्र चालू करा. पट्ट्या मध्येच गप्प होत असतील तर बहुतेक कीबोर्डांत खालच्या रबरी संपर्कावर बुरशी बसलेली असते. आयसोप्रोपाइल अल्कोहोल, कापसाचा बोळा, हलका हात. मांडवात जनरेटरवर ५० हर्ट्झची घूं ऐकू आली तर आधी अर्थिंग बघा, मग वाद्य आणि साउंड सिस्टीमच्या मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे घूं तोडणारा डबा, लावा. घाईत अर्थची पिन तोडणारे असतात. तसं करू नका, जीव जाईल.

सध्या मी शेजारच्या विणकराच्या मागाचा खटका घेऊन काम करतोय. फोन दुमडलेल्या कांबळीवर ठेवून दोन मिनिटं रेकॉर्ड केलं. मोजला तर मिनिटाला ११८ चा ठेका निघाला. माग खाली चालू ठेवतो, वर भूप. गंधारावर आलो की भाता हळूच उघडतो. वहीच्या त्या पानावर नाव अजून लिहिलेलं नाही, आकडे मात्र सगळे आहेत.