फ्यूज न काढता बॅटरी उतरवणारं सर्किट शोधा

सांगली-मिरजेत सेकंडहँड आलेली जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू दोन दिवस उभी राहून बॅटरी उतरत असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी हे करा.

१. फ्यूजबॉक्स डॅशबोर्डच्या कडेला, डिकीत, बॉनेटखाली असतात. म्हणून दार, डिकी, बॉनेट उघडे ठेवून त्यांचे लॉक स्क्रूड्रायव्हरने मिटवा, म्हणजे गाडीला ते बंद वाटतील. किल्ली लांब ठेवा.

२. पाऊण तास थांबा. मॉड्यूल (गाडीतले छोटे कंप्युटर) झोपेपर्यंतचं रीडिंग फसवं असतं.

३. मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांना प्रोब टेकवा. शून्य म्हणजे करंट नाही. १० अँपिअरच्या ब्लेड फ्यूजवर ०.४ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ५० मिलिअँपिअर; बंद उभ्या अख्ख्या गाडीला एवढाच चालतो, म्हणून एकाच फ्यूजवर एवढा दिसला तर बॅटरी उतरवणारं सर्किट तेच. फ्यूज उपसू नका, परत बसवताना मॉड्यूल जागं होतं.

दार लावण्याआधी हँडल ओढून लॉक मोकळं करा, नाहीतर ते मोडेल.