कबड्डीत पोराच्या डोक्याला लागलं तर सरांनी काय करावं

प्रथमोपचाराच्या पेटीत काय असावं ते सांगत बसत नाही. कापूस, बँडेज, हातमोजे असतीलच. नसतील तर आजच आणा. एकच भर घालतो: जवळपास कुठल्या हॉस्पिटलात रात्रीही सीटी स्कॅन होतो ते आधीच विचारून ठेवा. संध्याकाळी सातला घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसून शोधायची ही गोष्ट नाही. 108 ला फोन केलात की गेटसमोरची खूण सांगा आणि एका पोराला गेटवर उभं करा.

घोटा मुरगळला तर कापडात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, पाय उंचावर, चोळायचं नाही. नाकातून रक्त आलं तर मान पुढे आणि नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं चिमटीत. मान मागे टाकायला सांगणारे एक काका प्रत्येक स्पर्धेत असतात, त्यांना बाजूला घ्या. हाड मोडल्यासारखं वाटलं तर आहे तसं आधार देऊन ठेवा, ओढून बसवू नका.

आता डोकं. इथे मी स्वतः चुकलोय.

कळव्यात चौदा वर्षांखालची मॅच होती. आमच्या चढाईपटूच्या कानशिलावर पकडीत गुडघा बसला. उठला, माती झटकली, हसून म्हणाला, "ठीक आहे सर." दोन गुणांनी मागे होतो, मी पुढच्या चढाईला पाठवला. त्याने मधल्या रेषेवर दम धरला आणि वळून आमच्याच पोरांवर चालून आला. लोक हसले. मीही हसलो. घरी जाताना रिक्षात त्याला दोनदा उलटी झाली. पोरगा बरा झाला, पण तीन आठवडे वहीत डोकं घातलं की दुखायचं.

तेव्हापासून माझा नियम: डोक्याला लागलं आणि जरा जरी शंका आली, तर त्या दिवसाचा खेळ संपला. फायनल असली तरी. मेंदूला हादरा बसायला बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही, बहुतेक पोरं पडतही नाहीत. "ठीक आहेस ना?" हा प्रश्न विचारूच नका, उत्तर ठरलेलं असतं. विचारा: शेवटची चढाई कोणाची? लोण कोणी दिला? मागची मॅच कोणाशी होती? अडखळला की बाहेर. बरोबर सांगितलं पण डोकं दुखतंय, गरगरतंय, उजेड खुपतोय, पोरगा नेहमीसारखा वाटत नाही, तरीही बाहेरच, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे.

मान दुखते किंवा हातापायाला मुंग्या येतात म्हणाला तर उठवू नका. डोकं आहे तसं दोन्ही हातांनी धरून ठेवा आणि 108. शुद्ध गेली, पुन्हा पुन्हा उलटी, झटके, वाढत जाणारी डोकेदुखी, एका डोळ्याची बाहुली मोठी, बोलणं जड, गुंगी, यातलं काहीही दिसलं तरी 108. बेशुद्ध पोराच्या तोंडात पाणी ओतू नका. कांदा, चप्पल हुंगवणाऱ्यांना मी सरळ हाकलतो. श्वासच नसेल तर लगेच छातीवर दाब, मिनिटाला 100 ते 120.

घरी एकटं सोडू नका. आईला फोन करा आणि वरची लक्षणं कागदावर लिहून द्या, कारण ती एक-दोन दिवसांनीही दिसू शकतात. "सर, रात्री झोपू देऊ का?" हे प्रत्येक आई विचारते. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू दे. रात्रभर जागवून काही साधत नाही. मनाने वेदनाशामक गोळी नको, आणि पहिले दोन दिवस मोबाइल जेमतेम.

परत येताना आधी शाळा, मग चालणं, मग एकट्याने धावणं. एका पायरीवर निदान एक दिवस, त्रास झाला की एक पायरी मागे. पकडीचा सराव डॉक्टरांनी लेखी दिल्यावरच. पोरं कटकट करतात, "सर, मी फिट आहे." मी त्यांना गुणलेखकाशेजारी बसवतो. मॅटवर नाही.