स्टेडियमच्या पुनर्विकासाचा ठराव होण्यापूर्वी नागरिकांनी काय तपासावे, कुठे हरकत घ्यावी

शहरातील स्टेडियमच्या पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेत मंजूर झाला की वर्तमानपत्रांत संकल्पचित्रासह बातमी येते आणि त्यानंतर क्रीडा मंडळे, प्रशिक्षक व परिसरातील रहिवासी जागे होतात. तोपर्यंत महत्त्वाच्या बहुतेक गोष्टी ठरून गेलेल्या असतात. सल्लागार नेमताना त्याच्या कार्यकक्षेत ‘व्यापारी वापरातून खर्चवसुली’ असे शब्द घातले गेले, की पुढचा अहवाल दुकाने आणि कार्यालये यांच्याच हिशेबाने तयार होतो, आणि सभेपुढे येतो तो त्या अहवालाचा मंजुरीसाठीचा गोषवारा. म्हणून मैदानावर रोज खेळणाऱ्यांनी लक्ष ठेवायचे ते सल्लागार नेमण्याच्या प्रस्तावापासून. पुढील माहिती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू असलेल्या शहरांसाठी आहे. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे, त्यामुळे तेथे कलमांचे क्रमांक बदलतात. कामाची रीत साधारण तीच राहते.

जागा कोणाची आणि कशासाठी राखीव

सुरुवात जमिनीच्या कागदांपासून करावी. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक किंवा, जेथे ते नसेल तेथे, सातबारा काढावा. स्टेडियम महापालिकेचे असले तरी जमीन महापालिकेच्या मालकीची असेलच असे नाही. अनेक ठिकाणी ती राज्य शासनाने विशिष्ट प्रयोजनासाठी दिलेली असते आणि तिच्या धारणाधिकाराच्या रकान्यात ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असते. अशा जमिनीचा वापर बदलायचा किंवा ती दुसऱ्याला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि ती न घेता काही केल्यास तो शर्तभंग ठरतो. ही एक नोंद वेळेवर दाखवून दिली, तर प्रस्ताव तयार करणाऱ्यांनाच तो पुन्हा तपासावा लागतो.

त्यानंतर नगररचना विभागाकडून विकास आराखड्याचा भाग नकाशा व झोन दाखला घ्यावा. त्या जागेवर ‘क्रीडांगण’, ‘स्टेडियम’, ‘क्रीडा संकुल’ यांपैकी नेमके कोणते आरक्षण आहे हे पाहावे, कारण प्रत्येकात किती बांधकाम व कोणता व्यापारी वापर चालतो याचे नियम वेगळे आहेत. मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांत हे नियम डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहेत.

प्रस्ताव त्या आरक्षणात बसत नसेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यासाठी राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याच्या मुदतीत हरकती व सूचना मागवाव्या लागतात, बाधित व्यक्तींना सुनावणी द्यावी लागते आणि अंतिम मंजुरी शासन देते. ही सूचना आतल्या पानावर, बारीक टाइपात छापलेली असते, म्हणून मंडळातील एखाद्याने जाहीर सूचनांचे पान रोज पाहण्याचे काम अंगावर घ्यावे. मोकळी जागा राखून ठेवण्यामागचा हेतू डावलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूतील एका उद्यानासाठीच्या जागेबाबत १९९१ मध्ये, बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा या निकालात स्पष्ट केले आहे. हरकतीत त्याचा उल्लेख जरूर करावा.

नगरसचिव कार्यालयाची ओळख

पुण्यात जिला मुख्य सभा म्हणतात, तिला ठाण्या-नाशकात महासभा म्हणतात, काम एकच. सभेची सूचना आणि कार्यपत्रिका साधारणपणे सात पूर्ण दिवस आधी निघते व ती नगरसचिव कार्यालयात पाहता येते. कार्यपत्रिकेवर ‘क्रीडा संकुल विकसित करणेबाबत’ एवढीच एक ओळ असते, त्यामुळे विषयासोबतचे प्रशासनाचे विषयपत्र, त्याला जोडलेले नकाशे आणि लेखा विभागाचा अभिप्राय मिळवल्याशिवाय मत बनवू नये. लेखा विभागाचा अभिप्राय मी नेहमी सर्वांत आधी वाचतो, कारण प्रकल्पाचे वर्णन करणाऱ्या पानांवर जे कोठेच नसते ते त्या अर्ध्या पानात असते: अंदाजपत्रकात तरतूद कोणत्या अर्थशीर्षकाखाली आहे, ती पुरेशी आहे का, आणि पुढील वर्षांचे दायित्व किती.

दोन वाटांकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली म्हणजे ऐनवेळचा विषय, जो कार्यपत्रिकेवर नसतानाही सभेत दाखल केला जातो. दुसरी म्हणजे उपसूचना. मूळ विषय धावपट्टीच्या दुरुस्तीचा असतो आणि उपसूचनेने त्याला ‘संपूर्ण संकुल खासगी सहभागातून विकसित करावे’ असे शेपूट जोडले जाते. सभेत उपसूचना वाचल्याचे गृहीत धरले जाते, म्हणून बातमीवर न विसंबता ठरावाची प्रत आणि इतिवृत्त मिळवून त्यांतील शब्द ताडून पाहावेत. सर्वसाधारण सभा नागरिकांना सज्जातून पाहता येते. स्थायी समितीच्या बैठकीत मात्र सहसा बसता येत नाही, आणि मोठ्या रकमेच्या निविदा तेथेच मंजूर होतात. त्यामुळे आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला, आणि समितीतील निदान दोन सदस्यांना, बैठकीच्या आधी एका पानाचे टिपण द्यावे. त्यांनी ठरवले तर विषय तहकूब होतो, आणि तहकुबीने मिळणारे आठ-पंधरा दिवस अभ्यासाला फार मोलाचे असतात.

२०२२ पासून अनेक महापालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार आयुक्तच वापरत होते. आपल्या स्टेडियमचा ठराव त्या काळातील असेल, तर त्यावर सभागृहात चर्चा झालेलीच नाही. नव्या सभागृहापुढे तो विषय पुन्हा ठेवावा अशी लेखी मागणी करणे पूर्णपणे रास्त आहे.

कागद कसे मिळवावेत

माहिती अधिकाराच्या अर्जात ‘का’ विचारू नये, कागद मागावेत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क दहा रुपये आहे. मजकूर असा असू द्यावा: ‘स्टेडियमच्या पुनर्विकासासाठी नेमलेल्या सल्लागाराचा कार्यादेश व कार्यकक्षा, त्याने सादर केलेला सविस्तर प्रकल्प अहवाल, त्यावरील नगररचना, लेखा, विधी व क्रीडा विभागांचे अभिप्राय, आणि सवलत कराराचा मसुदा यांच्या प्रती मिळाव्यात.’ (कार्यादेश म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश. सवलत करार म्हणजे संकुल बांधून चालवण्याचा हक्क खासगी विकासकाला देणारा करार.) तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करावे. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहू देण्याबाबत शासनाने २०१८ मध्ये काढलेले आदेश आहेत. नस्ती, म्हणजे फाइल, समोर ठेवून वाचली की कोणत्या पानाची प्रत मागायची हे कळते, म्हणून अर्जाच्या आधी ही फेरी मारावी.

नकाशावर मोजपट्टी ठेवावी

माझ्या मते संपूर्ण प्रकरणात हे काम सर्वांत दुर्लक्षित आहे, आणि त्यासाठी कायद्याचे ज्ञानही लागत नाही. संकल्पचित्रात सगळे बसते. प्रमाणबद्ध नकाशात बसते का हे मोजावे लागते. आठ मार्गिकांच्या प्रमाणित ४०० मीटर धावपट्टीला सुमारे १७७ मीटर लांब व साडेब्याण्णव मीटर रुंद जागा लागते, म्हणजे केवळ पट्टी व आतील भाग मिळून साधारण चार एकर. तिच्या आतील मोकळ्या जागेची रुंदी ७३ मीटर असते. त्यात १०५ बाय ६८ मीटरचे फुटबॉल मैदान बसते. आंतरराष्ट्रीय क्रिकेटसाठी मात्र सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून किमान ५९.४३ मीटर दूर असावी लागते, म्हणजे मैदानाची रुंदी ११८ मीटरच्या पुढे जाते. ज्या नकाशात एकाच मैदानावर प्रमाणित धावपट्टीही आहे आणि आंतरराष्ट्रीय दर्जाचे क्रिकेटही आहे, तेथे एकाच्या सीमारेषेत दुसऱ्याची पट्टी येणार हे उघड आहे. प्रत्यक्षात सामन्यांच्या दिवसांत धावपटूंना बाहेर राहावे लागेल किंवा पट्टीची लांबी कमी केली जाईल. यांपैकी काय होणार, हे प्रशासनाकडून लेखी घ्यावे.

त्याच नकाशावर वाहनतळाचे उतार, अग्निशमन वाहनाचा मार्ग, प्रेक्षागृहाखालील गाळे आणि रस्त्याकडील दर्शनी भाग वेगवेगळ्या रंगांनी रंगवावेत. खेळासाठी खुली राहणारी जागा आज किती आहे आणि उद्या किती असेल, हे दोन आकडे चौरस मीटरमध्ये काढावेत. हरकतीचा सगळा भार या दोन आकड्यांवर उभा राहतो. झाडे तोडली जाणार असतील तर वृक्ष प्राधिकरणाची सूचना झाडांवर लावलेली असते. तिची मुदत थोडी असते, म्हणून ती दिसताच हरकत द्यावी.

उत्पन्नाचे अंदाज आणि प्रत्यक्षातील वापर

‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ या शब्दांपाशी थांबून विचार करावा. स्वारगेटजवळच्या पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर डिसेंबर १९८४ मध्ये भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना झाला, १९८७ आणि १९९६ च्या विश्वचषकांचे सामने झाले. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने वेस्ट इंडीजला ७३ धावांनी हरवले ते याच मैदानावर. २००५ मध्ये भारत-श्रीलंका सामना झाला, आणि पुढे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने गहुंजे येथे स्वतःचे स्टेडियम उभारल्यावर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय सामने तेथे होऊ लागले. क्रिकेट संघटना जेथे स्वतःचे मैदान बांधते तेथेच सामने नेते, हा अनुभव लक्षात घेता, महापालिकेच्या प्रकल्प अहवालात अशा सामन्यांचे उत्पन्न धरलेले असेल तर संबंधित संघटनेचे लेखी आश्वासन जोडले आहे का, हे विचारलेच पाहिजे. आसनसंख्येचेही तसेच. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडे स्टेडियमची पुनर्बांधणी झाली, तेव्हा स्वतंत्र खुर्च्या आल्यामुळे आसनक्षमता वाढण्याऐवजी सुमारे ३३ हजारांपर्यंत खाली आली.

दुसऱ्या बाजूला आजचा वापर कोणीच मोजलेला नसतो, आणि म्हणून तो अहवालात नसतो. तो मंडळांनी मोजावा. एका आठवड्यात पहाटे पाच ते रात्री नऊपर्यंत दर तासाला मैदानावर कोण किती आहे याची साधी वही ठेवावी: शाळांचे संघ, खो-खो व कबड्डीची मंडळे, चालायला येणारे ज्येष्ठ नागरिक, आणि पोलीस भरतीसाठी १६०० व ८०० मीटर धावण्याचा आणि गोळाफेकीचा सराव करणारी मुले-मुली. ही मुले कोणत्याही क्लबची सभासद नसतात, त्यांच्या वतीने सुनावणीला कोणी जात नाही, आणि प्रवेशशुल्क लागले की सर्वांत आधी तीच मैदानाबाहेर जातात. वहीच्या प्रती तारखा व सह्यांसह हरकतीला जोडाव्यात.

करारातील कलमे

‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीत खासगी विकासक संकुल बांधतो, ठरावीक वर्षे चालवतो आणि मग परत देतो; मैदानाचे पुढील तीस वर्षांचे दैनंदिन नियम निविदेच्या कागदांत लिहिलेले असतात. महाटेंडर संकेतस्थळावर निविदा पाहता येते. सवलत करारात पुढील गोष्टी शोधाव्यात: विनामूल्य किंवा नाममात्र दराच्या वापराचे तास कोणते, दर कोण व कशाच्या आधारे वाढवणार, मैदान लग्नसमारंभ, प्रदर्शने व गाण्याच्या कार्यक्रमांसाठी वर्षातून किती दिवस देता येईल, आणि अट मोडल्यास दंड किती. तासांबाबत ‘स्थानिक खेळाडूंना प्राधान्य’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्याला काहीही अर्थ नाही. ‘दररोज सकाळी ५ ते ८.३० व सायंकाळी ४.३० ते ७ या वेळेत धावपट्टी विनामूल्य खुली राहील’ असे वाक्य करारात यावे, असा आग्रह धरावा. भाडेपट्ट्याचा मोबदलाही तपासावा. अधिनियमाच्या कलम ७९ नुसार महापालिकेची स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने देताना मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असता कामा नये.

हरकत लिहिताना

‘मैदान वाचवा’ अशी भावना हजार जणांनी कळवली तरी अधिकाऱ्याला तिच्यावर अभिप्राय लिहिणे सोपे जाते. त्याऐवजी प्रत्येक पत्रात एकच मुद्दा, त्याचा पुरावा आणि नेमकी मागणी असावी. ‘प्रस्तावित नकाशात पूर्वेकडील वळणावर तळघराचा उतार दाखविला असून त्यामुळे सध्याची धावपट्टी खंडित होते, तो उतार दक्षिणेकडील रस्त्यावर हलवावा किंवा पट्टी अबाधित राहील असा सुधारित नकाशा प्रसिद्ध करावा’ असे लिहिले, तर त्याला उत्तर द्यावेच लागते. पत्र आवक विभागात देऊन दुय्यम प्रतीवर शिक्का व क्रमांक घ्यावा. सुनावणीला नकाशा, वही आणि मूळ पत्र घेऊन जावे; बोलायला सहसा काही मिनिटेच मिळतात, त्यामुळे जे म्हणायचे ते लेखी देऊन ‘सुनावणीच्या नोंदीत घ्यावे’ अशी विनंती करावी. काम सुरू असताना खेळाडूंची सोय कोठे होणार, हा प्रश्न येथेच विचारावा, कारण पर्यायी मैदानाचा उल्लेख कार्यादेशापूर्वी झाला नाही तर नंतर तो होत नाही.

एवढे करूनही ठराव मंजूर झाला, तर नगरविकास विभागाकडे निवेदन देता येते. अधिनियमाच्या कलम ४५१ नुसार कायद्याशी विसंगत किंवा लोकहिताविरुद्ध असलेला ठराव निलंबित अथवा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकार शासनाला आहे. निवेदनासोबत हरकतीची शिक्का असलेली प्रत आणि आरक्षणाचा नकाशा जोडावा. उच्च न्यायालयात जनहित याचिका करायची असेल, तर कार्यादेश निघण्यापूर्वी वकिलाला कागद दाखवावेत. काम अर्धे झाल्यावर केलेल्या याचिकेत विलंबाचा मुद्दा सर्वांत आधी पुढे येतो.