चोवीस म्हणजे चोवीस नव्हेत

एच-४वर, म्हणजे जोडीदाराच्या वर्क व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात आले तेव्हा गाठीशी पुण्याची बी.ई. होती आणि मुलीच्या जन्मानंतरचा सहा वर्षांचा खंड. सीपीए (अमेरिकेतला परवानाधारक अकाउंटंट, आपल्याकडच्या सीएसारखा) व्हायचं ठरवून कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, अकाउंटिंगला नाव घातलं. पदवी आधीच असेल तर इथे पुन्हा दोन वर्षांच्या डिग्रीच्या मागे लागू नका, लागणारे विषय तेवढे घ्या.

आता माझी चूक. मी सीपीएच्या परीक्षेचा अर्ज केला तेव्हा परवाना देणाऱ्या राज्याच्या बोर्डाला अकाउंटिंगची २४ युनिटं (प्रत्येक विषयाला मिळणारी क्रेडिट्स) हवी होती आणि बिझनेसशी संबंधित विषयांची आणखी २४. दुसऱ्या २४मध्ये बी.ई.चं गणित नि कॉम्प्युटर धरलं गेलं, तिकडे निभावलं. अकाउंटिंगची २४ मी रात्रीचे वर्ग करून जमवली. फ्रिजवर कागद लावला होता, विषय संपला की त्याच्या युनिटांइतक्या खुणा. चोविसावी खूण केली त्या दिवशी घरी शिरा केला.

बोर्डाची २४ होती सेमिस्टर युनिटं, म्हणजे सहामाही सत्रांची. माझं कॉलेज क्वार्टरवर, म्हणजे तिमाही सत्रांवर चालणारं. दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट, म्हणजे माझी २४ भागिले दीड, फक्त १६! मला हवी होती ३६. ताळेबंद शिकणाऱ्या बाईने स्वतःचाच हिशेब चुकवला होता. उरलेल्या १२ युनिटांचे पैसे फार नव्हते. कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरलात तर क्वार्टर युनिटला ३१ डॉलर, सेमिस्टर युनिटला ४६. पण हवे ते वर्ग संध्याकाळी मिळेनात आणि वर्ष गेलं. म्हणून ट्रान्सक्रिप्टवर ‘क्वार्टर’ लिहिलंय की ‘सेमिस्टर’ ते आधी बघा. नाव घालण्यापूर्वी बघा. आणि भारतातल्या पदवीचं मूल्यांकन पहिल्याच महिन्यात करून घ्या, तेही बोर्डाने मान्य केलेल्या संस्थेकडूनच.

मला “चोवीस झाली की झालं” हे सांगितलं होतं ओळखीतल्या एका ताईंनी. त्यांचं कॉलेज सेमिस्टरवालं, त्यांचं खरंच झालं होतं. चूक त्यांची नाही, मी बोर्डाचं पान उघडलं नाही. तरी माझं मत सांगते: व्हॉट्सॲपवरच्या दहा ताया-दादांपेक्षा कॉलेजच्या काउन्सेलरची अर्ध्या तासाची वेळ घ्या आणि उत्तर ईमेलवर मागा. पुढेमागे राज्य बदलणार असाल तर तिथलेही नियम वाचा. फ्लोरिडासारख्या राज्यात वरच्या वर्षांचे विषय मागतात, तिथे दोन वर्षांच्या कॉलेजातले चालत नाहीत.

इंटरमीडिएट अकाउंटिंग ऑनलाइन उरकू नका. उत्तरं नेटवर मिळतात, पण परीक्षेत लीजचा प्रश्न समोर आला की घाम फुटतो.

इतकं घाबरवलं, पण वाट चांगली आहे. माझ्या वर्गात पन्नाशीचे एक ट्रक ड्रायव्हर होते, पहिल्या चाचणीत आम्ही दोघांनीही नावेच्या जागी जमा लिहिलं होतं. ते आता एका गोदामात अकाउंट्स पेएबल, म्हणजे देण्यांचे हिशेब, बघतात. सीपीए नको असेल तर एन्रोल्ड एजंट, म्हणजे परवानाधारक कर सल्लागार, हा पर्याय आहे: आयआरएसची (अमेरिकेच्या कर खात्याची) तीन भागांची परीक्षा, पदवीची अट नाही.

वर्क परमिट हातात येईपर्यंत पगाराचं काम नाहीच. तोवर मी व्हिटात, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची रिटर्न फुकट भरून देणाऱ्या आयआरएसच्या उपक्रमात, लायब्ररीतल्या टेबलावर बसले. पहिल्या आजोबांनी डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा फॉर्म, बुटाच्या खोक्यातून काढला, मी तो तीनदा तपासला. पुढे नोकरीच्या मुलाखतीत कंपनीवाल्यांनी माझ्या मार्कांबद्दल काही विचारलं नाही, त्या टेबलाबद्दलच विचारत राहिले. व्हिटाची गर्दी जानेवारीअखेर सुरू होते आणि त्याआधी आयआरएसची चाचणी पास व्हावी लागते, तेव्हा नाव दिवाळीच्या सुमारासच द्या.