प्लाय कापायला देण्याआधी: मोफत कॅडमधल्या या चुका टाळा

कॅड म्हणजे कंप्युटरवर मापात ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर. त्यातली लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड दोन्ही फुकट आहेत आणि घरच्या फर्निचरला पुरून उरतात. तरीही प्लाय वाया जातो, कारण स्क्रीनवर एक असतं आणि कापायला जातं दुसरंच.

सगळ्यांत वाईट सवय म्हणजे मापाचा आकडा हाताने टाइप करणं. बोरिवलीतल्या एका टीव्ही युनिटचं असंच झालं. ड्रॉइंग १८०० मिमीचं, पण भिंत पुन्हा मोजल्यावर कळलं की १७६० च बसणार. रेषा सरकवायचा कंटाळा केला आणि मापाच्या लेबलमध्ये १७६० लिहून टाकलं. प्रिंटवर सगळं चोख दिसत होतं. डीएक्सएफ फाइल (ड्रॉइंग मशीनला देण्याचा प्रकार) सीएनसी राउटरवाल्याकडे, म्हणजे कंप्युटरवर चालणाऱ्या कापणी मशीनवाल्याकडे गेली. मशीन आकडा वाचत नाही, रेष वाचतं. वरची-खालची फळी १८०० चीच कापून आली. नुसती लांबी असती तर कापून घेता आली असती; पण उभ्या पार्टिशनच्या खाचाही १८०० च्या हिशेबाने पडल्या होत्या. टोकाचे ४० मिमी उडवल्यावर शेवटचा कप्पा अरुंद झाला आणि त्याचं शटर बसेना. फळ्या नव्याने कापाव्या लागल्या. वाचवलं काय, तर दोन मिनिटं.

लिब्रेकॅडमध्ये स्ट्रेच (रेषा ताणायची कमांड) घ्या, सरकवायच्या टोकाभोवती चौकट काढा, संदर्भबिंदूवर क्लिक करा आणि @-४०,० द्या, म्हणजे ते टोक ४० मिमी डावीकडे सरकतं. फाइल पाठवण्याआधी प्रत्येक मापाचं लेबल रिकामं आहे ना, ते बघा. रिकामं असलं की मोजलेलं खरं माप दिसतं. एवढा धीर नसेल तर प्लाय आणूच नका.

दुसरी चूक जाडीची. ‘१८ एमएम’ म्हणून घेतलेला प्लाय १७.५ ही भरतो, आणि दोन्ही बाजूंना १ मिमी सनमायका लागली की १८ चे २० होतात. ६०० रुंदीचा खोका धरा. १८ च्या हिशेबाने आतून ५६४ उरतात. टेलिस्कोपिक चॅनेलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी) एका बाजूला १२.७ लागतात, म्हणून ड्रॉवर ५३८ चा काढला जातो. प्रत्यक्षात बाहेरचे ६०० दोन भिंतींत अडकलेले असतात, मिस्त्री ते राखतो आणि आतून ५६० च उरतात. ड्रॉवर हवा होता ५३४ चा. त्या ४ मिमीला चॅनेल घट्ट बसतं, मग कोणीतरी ड्रॉवर रंधत बसतं आणि मिस्त्रीला दोष देतं.

आधी प्लाय आणि सनमायका विकत घ्या, व्हर्नियरने (जाडी मोजायच्या कॅलिपरने) तीन-चार ठिकाणी मोजा, मग जाडीचा आकडा भरा. फ्रीकॅडमध्ये जाडी स्प्रेडशीटच्या एका खान्यात ठेवा, त्याला एलियास (टोपणनाव) द्या आणि आतली रुंदी ‘रुंदी वजा दोन जाड्या’ अशीच बांधा. जाडी बदलली की सगळं आपोआप बदलतं. प्रत्येक स्केचमध्ये सुटे १८ लिहिणं हा शॉर्टकट नव्हे, पुढचं काम वाढवणं आहे.

मिस्त्री इंच-सुतात बोलतो, तुम्ही मिमीत काढता. इंचाचे ८ सूत. २७ इंच ६ सूत म्हणजे सुमारे ७०५ मिमी. फाइलचं एकक मिमी ठेवा आणि कापून देणाऱ्या दुकानदाराला लिहून कळवा. मिमीची फाइल इंचात उघडली तर सगळं २५.४ पट होतं.

प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ (कागदात बसवायला आकार बदलणं) बंद. १:१ टेम्पलेटवर, म्हणजे खऱ्या मापाच्या छापावर, १०० मिमीची रेष काढून ठेवा, छापल्यावर पोलादी पट्टीने मोजा.

प्लायची शीट २४४० बाय १२२०. पण करवतीचं पातं ३-४ मिमी खातं, त्यामुळे १२२० मधून ६१० च्या दोन पट्ट्या निघत नाहीत.

भिंत खाली, मध्ये आणि वर मोजा आणि सगळ्यांत लहान माप धरा. जुन्या इमारतीत तर हे चुकवूच नका.

उंच कपाट काढताना कर्ण मोजायचं राहून जातं. फॉल्स सीलिंगखाली २४५० उंची आहे म्हणून २४०० चं, ६०० खोल कपाट काढतात. आडवं जोडून उभं करताना त्याचा कर्ण २४७४ येतो आणि ते छताला अडतं. कपाट बाजूने दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेष काढून मोजा. आकडा छताच्या वर गेला तर खालची १०० ची बैठक सुटी करा. उरलेल्या २३०० च्या खोक्याचा कर्ण २३७७ होतो. तो उभा करून मग बैठकीवर चढवा.