सेबीच्या सुनावणीला सांगलीहून निघण्याआधी

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची कारणे दाखवा नोटीस आली की कुपवाड एमआयडीसीतला मालक आधी ‘मुंबईत कुणाची ओळख आहे का’ म्हणून फोन फिरवतो. तो नाद सोडा. नोटीस कधी हातात पडली त्याची आवक रजिस्टरला नोंद करा, पाकीट फेकू नका. दंडाच्या कारवाईत उत्तराला नोटीस मिळाल्यापासून किमान १४ दिवस मिळायला हवेत. तडजोडीचा अर्ज करायचा झाल्यास ६० दिवसांत. मुदत वाढवून हवी तर ईमेलने मागा. फोनवर ‘बघतो’ म्हणालेले साहेब पुढे कुणालाच आठवत नाहीत.

मग परिशिष्टं एकेक करून मोजा. मजकुरात ‘परिशिष्ट ९’ आणि सोबतच्या फायली सातपर्यंतच, असं होतं. न चिडता लिहून कळवा, पोच घ्या. तपास अहवालही मागा. ‘तो आमचा अंतर्गत कागद’ असं उत्तर आलं तर सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२२ चा टी. टाकानो निकाल पुढे ठेवा. नोटिशीशी संबंधित अहवाल द्यावा लागतो, फक्त त्रयस्थांची माहिती झाकता येते, असं त्यात आहे. ज्यांच्या जबाबावर आरोप उभा आहे त्यांची उलटतपासणी नावानिशी मागा. नकार आला तरी चालेल, तो लेखी हवा. ‘आमच्यावर अन्याय झाला’ हे अपिलात सगळेच म्हणतात. तेव्हाच हरकत घेतली होती का, हे तिथे विचारलं जातं.

व्यवहार जुना असेल तर तारखांचा एक तक्ता करा: व्यवहार कधीचा, तपास कधी सुरू, नोटीस कधी. नोटिशीला कायद्यात मुदत घातलेली नाही, पण अवास्तव उशिरामुळे सॅटने (सेबीच्या आदेशांवरची अपिलं ऐकणारं न्यायाधिकरण) काही आदेश रद्द केलेत.

आता आपलं घर. बँकेचे उतारे, संचालक मंडळाची इतिवृत्तं, आतली माहिती (शेअरचा भाव हलवू शकेल अशी, अजून जाहीर न झालेली) कुणाला कधी दिली त्याची डिजिटल नोंद. नोंद राहून गेली असेल तर मागची तारीख टाकून भरू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅप पुसायचा सल्ला देणाऱ्या भाच्याला चहा पाजून वाटेला लावा. तपासात मागितलेले कागद विनाकारण न देणं हा वेगळा गुन्हा आहे, कैदेची तरतूद असलेला. खरं सांगायचं तर अन्यायाच्या निम्म्या तक्रारी इथेच लंगड्या पडतात.

मुंबईच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन वेळेत करा, कागदांचा दुसरा संच वकिलाकडे आधीच पोचवा. सुनावणीनंतर कामकाजाची नोंद सहीला आली की पूर्ण वाचा. तुमची हरकत गळली असेल तर तिथल्या तिथे घालून घ्या, नाहीच ऐकलं तर त्याच दिवशी ईमेल टाका.

आदेश विरोधात गेलाच तर प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत सॅटकडे अपील. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, स्थगितीचा अर्ज सोबतच जोडा.